पहिलं दळण

मी जात्यावर दळलेलं आहे. पुरुषमाणसानं हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्या तोंडाकडे बघून हसू आवरतं घेतात, कारण माझा स्वभाव त्यांना ठाऊक आहे. एखाद-दोन दिवस गंमत म्हणून नव्हे, सलग चार वर्षं दळलं. गावात इंजिनाची गिरणी आली तेव्हाच खुंटा सोडला. आजही चिमूटभर पीठ अंगठ्यानं चोळून दाखवा, जात्याला टाकी लावून किती महिने झाले ते सांगतो. सूनबाई म्हणते, आता ही विद्या काय कामाची? नसेल कामाची. पण मला माझ्या शाळेच्या दाखल्याहून ती प्यारी आहे, आणि तो दाखलासुद्धा मला जात्यानंच मिळवून दिला. कसा, ते सांगतो.

आमचं गाव परतूरपासून दोन कोसांवर. राज्य निजामाचं. शाळेत उर्दू, घरात मराठी आणि बाजारात दोन्हींची खिचडी. आम्ही चौघे भाऊ, बहीण एकही नाही. मी थोरला, तेरा वर्षांचा. धाकटा सहाचा. आबा, म्हणजे आमचे वडील, शेती करायचे. मी रोज पायी परतूरच्या शाळेत जायचो आणि गावातल्या पोरांत त्यावरून थोडा तोराही मिरवायचो.

त्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर माय विहिरीच्या पायऱ्यांवरून भरल्या घागरीसकट पडली. उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. सव्वा महिन्यानं सोडून बघतो तर मनगट वाकडं जुळलेलं. बोटं हलायची, पण मूठ काही आवळेना. घागर नाही, खुंटा नाही, भाकरी थापणं नाही. माय एकदा त्या हाताकडे बघून म्हणाली, "मेला, खातो तेवढा, काम करीत न्हाई." आणि हसली. आम्हाला मात्र हसू आलं नाही.

सहा माणसांच्या घरात रोज पायलीभर जवारी लागायची, आणि ती दळायची बाईनं, हे सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं. सुरुवातीला भावकीतल्या बायकांनी पीठ पुरवलं. पिठाच्या ताटासोबत एक उसासाही यायचा. मायला तो उसासा सोसायचा नाही. ताट रिकामं करून देताना तिचा चेहरा दगडासारखा व्हायचा.

मग आत्या पुढे झाली. आबांची थोरली बहीण, गावातच दिलेली. तिचा शब्द आबा कधी खाली पडू देत नसत. ओसरीवर बसून तिनं सुपारी कातरत निकाल दिला.

"घरात बाईचा हात न्हाई. असं किती दिवस चालवणार? थोरल्याचं लगीन करून टाक. जांबेकडच्या गावात पोरगी हाय, अकरा वर्साची. हाडापेरानं मजबूत. आल्या दिवसापासून जात्याला लागंल."

खरं सांगतो, आधी मला बरंच वाटलं. नवा पटका, घोडा, मांडव! पण आबा पुढे म्हणाले, "मंग शाळा कशाला? बायको आली की गडी शेतातच बरा." पुढच्या इयत्तेची पुस्तकं मी मागून आणून ठेवली होती. ती फळीवर होती, मला दिसत होती.

माय चुलीपाशी होती. ती उठून दाराशी आली. नणंदेपुढे आणि नवऱ्यापुढे एवढं स्पष्ट बोलताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं.

"या घरात मी नऊ वर्साची आल्ते," ती म्हणाली. "जात्यापुढं बसले तर खुंटा हनुवटीला लागायचा. झोप आली की कपाळ आपटायचं त्याच्यावर. माझा हात मोडला म्हणून दुसऱ्याची लेक मी तिथं बसवू देणार न्हाई. बिलकुल न्हाई."

"मंग दळायचं कुणी?" आबा म्हणाले.

"माझी पोरं दळतील."

आत्या इतकी हसली की तिला खांब धरावा लागला. आबांना हसू आलं नाही. त्यांना राग आला होता, आणि रागावले की ते सौदा करायचे. म्हणाले, "ठीक. संक्रांतीपर्यंत बघतो. आजपासून एक दिवस जरी या घरात दुसऱ्याच्या दारचं पीठ आलं, तर लगीन पक्कं. मंग एक शब्द बोलायचा न्हाई."

"न्हाई बोलणार," माय म्हणाली.

आता मुलांना कामाला कसं लावायचं, यावर लोक आजकाल फार काथ्याकूट करतात. मायनं काय केलं ते ऐका. तिनं आम्हाला "मला मदत करा" असं एकदाही म्हटलं नाही. तिनं कामं वाटून टाकली, जमीन वाटावी तशी. दळण माझं आणि माझ्या पाठच्या, दुसऱ्या नंबरच्या भावाचं. चाळणं आणि पाणी तिसऱ्याचं. दळताना कोंबड्या हाकलायच्या आणि सांडलेला दाणा न् दाणा वेचायचा, ते धाकट्याचं. भाकरी दुसरा शिकला, कारण त्याचे हात माझ्याहून हलके होते. आणि एकदा दिलेलं काम ती परत घ्यायची नाही. वाईट झालं तरी दुरुस्त करायची नाही. पहिल्या आठवड्यात आमचं पीठ म्हणजे कण्याच होत्या, भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच फाटायची. ते तुकडे ती ताटात घेऊन मुकाट्यानं खायची आणि एवढंच म्हणायची, "उद्या मूठ लहान घे." मूठ म्हणजे जात्याच्या तोंडात टाकायची जवारी. मूठ मोठी झाली की पीठ भरड पडतं. हे तिनं मला तीन दिवस सांगितलं. चौथ्या दिवशी माझं मलाच कळलं.

शाळेतून आलो की आम्ही दळायला बसायचो. दोघं समोरासमोर, पाय लांब करून, एका खुंट्यावर चार हात. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले, ते फुटले, मग पुन्हा आले. पण खरी अडचण हातांची नव्हती, अब्रूची होती. बायकांचं काम करताना कुणी बघितलं असतं तर परतूरपर्यंत बोभाटा झाला असता. म्हणून दार लावून घ्यायचो, आतून कडी घालायचो. भर दुपारी बंद दाराआड घरघर चालायची. बाहेरच्यांना वाटायचं, बिचारी माय मोडक्या हातानं दळून राह्यली. तेही मायला सोसायचं नाही, पण ती आमच्यासाठी गप्प बसायची.

आणि जात्यावर गायचं काय? बायकांच्या ओव्या आम्ही थोड्याच म्हणणार! मग मी पाढे काढले. दुसरा माझ्या मागून म्हणायचा. जातं एकदा फिरलं की एक आकडा. तीसपर्यंतचे झाले, मग अपूर्णांकांचे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी. औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, मला कधी धड यायची नाही. एक दिवस मी साडेतीन सत्ते तेवीस म्हणालो तर डाव्या हातानं जवारी निवडत बसलेली माय न बघताच म्हणाली, "साडेचोवीस." तिला अक्षर ओळखीचं नव्हतं. दीड महिन्यात ऐकून ऐकून बाईनं औटकी पाठ केली होती! मी शाळेत मास्तरांची छडी खाऊनही जे शिकलो नाही ते मला त्या दिवशी एका झटक्यात आलं, लाजेनं.

दिवाळी गेली, मार्गशीर्ष गेला. एक दिवसही आम्ही दुसऱ्याचं पीठ आणलं नाही. आत्या दर दोन दिवसांनी पिठाच्या डेऱ्यात डोकावून जायची आणि नाक मुरडायची. संक्रांत पंधरा-वीस दिवसांवर आली आणि भोकरदनकडून मामा आला. मायचे वडील गेले होते. तिला जावं लागलं. धाकट्याला सोबत नेते म्हणाली, तर तो पाय आपटून म्हणाला, "मंग कोंबड्या कोण हाकलंल?" माय एवढ्या दुःखात होती, तरी त्या शब्दावर तिचे डोळे चमकले. चौघांच्या तोंडावरून डावा हात फिरवून ती गाडीत बसली.

जातं त्या सुमारास गुळगुळीत झालं होतं. दगड झिजला की दाणा फुटत नाही, नुसता घरंगळतो. दुप्पट वेळ फिरवावं तेव्हा पीठ पडायचं. अशात गल्लीतून हाक आली, "टाकी लावायची का जात्याला, टाकी!" मी धावत जाऊन त्या बाईला बोलावलं. कर्त्या पुरुषाच्या थाटात तिला सूपभर जवारी देऊ केली. तिनं अंगणात जात्याचे दोन्ही दगड सुटे करून मांडले आणि छिन्नीनं टकटक करत बारीक खड्डे पाडले. जाताना म्हणाली, "टाकी खोल लावलीया. मायला सांग, पुढचं तिला ठाव हाय." मी मान हलवली. पुढचं म्हणजे काय, हे विचारायची बुद्धी झाली नाही. म्हटलं, पुढचं काय असणार? दळायचं.

त्या संध्याकाळी जातं असं चाललं म्हणून सांगू! दाणा टाकला की पीठ. आम्ही दोघं हौसेहौसेनं दोन दिवसांचं दळून बसलो. डेरा भरला. रात्रीला सकाळच्याच भाकरी होत्या, म्हणून नव्या पिठाला कुणी हात लावला नाही. मी दुसऱ्याला म्हणालो, "माय आली की तोंडात बोट घालील."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्या आली, आणि तिच्या मागून पाहुणे. जांबेकडच्या त्या मुलीचा बाप आणि त्याची म्हातारी आई. परतूरच्या बाजाराला आल्ते, जाता जाता पोरगा बघून घेऊ म्हणाले, असं आत्यानं आबांना सांगितलं. माय घरात नाही ही वेळ तिनं बराबर साधली होती. आबा गडबडले. पण दारी आलेल्या पाहुण्याला जेवल्याशिवाय कोण लावून देणार? आत्यानं पदर खोचला, वांग्याचं कालवण टाकलं, आणि आमच्याच डेऱ्यातलं पीठ घेऊन भराभर भाकरी थापल्या. मळताना एकदा म्हणाली, "पीठ भरड हाय गं बाई." आणि थापत राहिली.

ओसरीवर आबा आणि मुलीचा बाप जेवायला बसले. म्हातारी आतल्या दाराच्या उंबऱ्याशी बसली. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा. पाहुण्यानं पहिला घास घेतला आणि त्याचा जबडा थांबला. कच्च. मला उभ्या जागी ऐकू आलं. त्यानं आबांकडे बघितलं. आबांच्या तोंडातूनही तोच आवाज. दोघंही भिडेखातर काही बोलेनात.

म्हातारीला भीड कशाची? तिनं घास हातावर काढला, बोटानं चिवडला.

"टाकी लावून पहिलंच दळण दिसतंय," ती म्हणाली. "सगळा दगड उतरलाय ह्यात. पहिलं दळण ढोराला घालत असतेत. हे कोण्या बाईनं दळलं? तिला कुणी शिकवलं न्हाई का?"

पुढचं म्हणजे हे होतं तर! अख्ख्या मुलखात बाईच्या पोटी जन्मलेल्या प्रत्येक पोरीला ठाऊक असणारी गोष्ट, आणि मला ती सांगायला कुणी नव्हतं.

आत्या आतून झटकन म्हणाली, "आमच्या घरचं न्हाई ते. घरात बाई न्हाई ना, भावकीतून आणलंय पीठ."

तिनं एका दगडात दोन पक्षी मारले. पोरं दळतात ही लाज झाकली, आणि सौदाही मोडला. दुसऱ्याच्या दारचं पीठ! आबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसलो असतो तर पाहुण्यांपुढे अब्रू राहिली असती, आणि लग्न पक्कं. शाळा संपली, आणि तीन महिने मायनं जे पेललं ते मातीत. बोललो असतो तर आबांची मान भर पाहुण्यांत खाली. मी तांब्या खाली ठेवला.

"न्हाई," मी म्हणालो. "भावकीचं न्हाई. म्या दळलंय. म्या अन् माझ्या भावानं. दसरा झाल्यापासून आम्हीच दळून राह्यलोत. पहिलं दळण टाकत असतेत हे मला ठाव नव्हतं."

मागून धाकटा ओरडला, "अन् कोंबड्या म्या हाकलल्या!"

मी आबांकडे बघायचं धाडस करत नव्हतो. मग पुन्हा आवाज आला. कच्च. आबांनी दुसरा घास घेतला होता. तो त्यांनी सावकाश चावला, गिळला, तिसरा मोडला. ती दगडाची भाकरी त्यांनी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली आणि ताट पुढे केलं.

"अजून एक वाढ," ते आत्याला म्हणाले. "माझ्या पोरांनी दळलंय. या घरात दुसऱ्याचं पीठ येत न्हाई."

आबा कमी बोलणारे. उभ्या आयुष्यात त्यांनी मला शाबासकी दिलेली मला आठवत नाही. तिची कधी गरजही पडली नाही.

म्हातारीनं मला जवळ बोलावलं. माझे दोन्ही पंजे उलटे-सुलटे करून बघितले, बोटांखालच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. स्वतःचा पंजा माझ्या पंजाशेजारी धरला. तिथंही तेच घट्टे, तेवढेच, त्याच जागी. मग लेकाकडे वळून म्हणाली, "चल, ऊठ. यांना सून न्हाई, दळणारीण पाहिजे व्हती. तसले यांच्या घरात चार हायेत. आपली तर एकच हाय." उठता उठता मला म्हणाली, "टाकी लावली की आधी मूठमूठ कोंडा दळ. ते ढोराला घाल. मंग जवारी."

त्या मुलीला मी कधी पाहिलं नाही. तिला कुणी दुसऱ्या घरी लवकर जात्यापुढं बसवलं, की त्या आजीनं तिला आणखी थोडी वर्षं सांभाळलं, ठाऊक नाही. आजीच्या त्या शब्दांवरून वाटतं, सांभाळलं असावं. तसंच असावं असं मी धरून चाललो आहे.

माय पंधरा दिवसांनी आली. गाडी थांबायच्या आत धाकट्यानं सगळं ओकून टाकलं. मी आपला खाली मान घालून उभा. तिनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "अन् आबांनी खाल्ली?"

"खाल्ली," मी म्हणालो. "दोन."

ती गाडीच्या कडेवरच बसली. वाकड्या हातानं तोंड झाकलं आणि खांदे हलायला लागले. हसत होती की रडत होती कळेना, दोन्ही असावं. मग डोळे पुसून म्हणाली, "पहिल्या दळणाचं सांगायचं माझ्याच्यानंच राह्यलं." तिनं आम्हाला कवटाळलं नाही, ओवाळलं नाही. सरळ आत गेली आणि तिसऱ्याला म्हणाली, "पाणी भरलं का रे?"

संक्रांत आली आणि गेली. लग्नाचं नाव त्या घरात पुढं सहा वर्षं निघालं नाही. माझी पुस्तकं फळीवरून खाली आली. आत्या महिनाभर फिरकली नाही, मग तिळगूळ उशिरानं घेऊन आली आणि पिठाच्या डेऱ्याकडे न बघता बसली.

पण मला आठवते ती संक्रांतीनंतरची पहिली दुपार. आम्ही दोघं दळायला बसलो. सवयीनं मी उठून दार लावलं, कडी घातली. आबा ओसरीवर दोर वळत बसले होते. त्यांनी बाहेरून दारावर थाप मारली. मी कडी काढली. त्यांनी दोन्ही फळ्या सताड उघडल्या, एका फळीला दगड लावला, आणि परत दोर वळायला बसले. आत उजेड आला. गल्लीतून जाणाऱ्याला आता आम्ही सगळे दिसत होतो. दोन पोरं खुंट्यावर, एक चाळणीवर, एक कोंबड्यांच्या मागं, आणि जवारी निवडणारी माय.

बाजाराहून येणारा गावातला एक जण थांबला. आत वाकून बघितलं, पुन्हा बघितलं.

"काय हो," तो आबांना म्हणाला, "पोरं दळून राह्यलीत?"

"हाव," आबा म्हणाले. दोरावरची नजर त्यांनी काढली नाही. "माझी हायेत."

मी औटकी म्हणायला घेतली, गल्लीला ऐकू जाईल अशी.